‘रन’चं पान: अर्थ न घोकता इंग्रजी शब्द कसा शिकायचा

नागपुरातल्या माझ्या इंग्रजीच्या संध्याकाळच्या वर्गाला दर तीन महिन्यांनी नवी बॅच येते आणि दर बॅचमध्ये कोणीतरी मला ‘रन’चं पान दाखवतंच. मागच्या उन्हाळ्यात एका मुलीनं दाखवलेलं पान मी विसरलेली नाही. वर लाल पेनानं ‘रन’, खाली निळ्या पेनानं एकाखाली एक बेचाळीस अर्थ: धावणे, पळणे, वाहणे, चालवणे, संपणे, उभे राहणे... पानाच्या कोपऱ्याला हळदीचा डाग. तिची आई कॉलेजच्या मुलांची मेस चालवते आणि ही सकाळी दोन तास तिथं हाताखाली असते. बेचाळीसच्या बेचाळीस अर्थ तिला तोंडपाठ होते. त्याच आठवड्यात तिनं नोकरीच्या अर्जात लिहिलं, ‘आय रन इन माय मदर्स मेस.’ सांगायचं होतं की मी आईबरोबर मेस चालवते. अर्जात उतरलं की मी आईच्या मेसमध्ये धावते.

‘चालवणे’ तिच्या यादीत चौथ्या नंबरवर होतं. पाठही होतं. वाक्यात ते कसं बसवायचं, हे मात्र यादीत कुठेच नव्हतं.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी ‘रन’ या एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले आहेत. यादी करून हा शब्द कोणाच्याही हाती लागायचा नाही. हाती लागतो तो एका ठरावीक क्रमानं काम केल्यावर, आणि चुका होतात त्या क्रम उलटा केल्यामुळे. तो क्रम खाली दिला आहे. ‘गेट’, ‘टेक’, ‘सेट’, ‘पुट’ या शब्दांनाही हाच लागू पडतो. पण सुरुवात ‘रन’पासूनच करा, कारण मराठीतलं ‘चालणे’ त्याच्या बरंच जवळ जातं आणि ती जवळीक कामाला येते.

सुरू करण्याआधी

लागणारं सामान घरातच मिळेल. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून साठ-सत्तर चिठ्ठ्या करा, अर्ध्या पोस्टकार्डाएवढ्या. पेन्सिल घ्या, पेन नको, कारण निम्म्या चिठ्ठ्या तुम्ही पुढे दुरुस्त करणार आहात. पाच-सहा रबरबँड. मी वहीऐवजी चिठ्ठ्यांचा आग्रह धरते, कारण वहीतला क्रम हलत नाही आणि या पद्धतीत सगळं काम हलवाहलवीचंच आहे.

शब्दकोश शिकणाऱ्यांसाठी केलेला घ्या, ऑक्सफर्डचा किंवा केंब्रिजचा. दोन्ही मोबाइलवर फुकट पाहता येतात. त्यात प्रत्येक अर्थाखाली पूर्ण वाक्य असतं. इंग्रजी-मराठी कोश पहिले पाच टप्पे बंदच ठेवा. तो वाईट असतो म्हणून नाही. तो समोर असला की हात आपोआप यादी करायला लागतो, म्हणून.

वेळ रोज वीस मिनिटं, दोन आठवडे. एका रविवारी चार तास बसून हे होत नाही. ज्यांनी करून पाहिलं त्यांना पुढच्या रविवारी काही आठवलं नाही.

आणि तीन रूपं पहिल्याच चिठ्ठीवर लिहून ठेवा: आज ‘रन’, काल ‘रॅन’, ‘हॅव’ किंवा ‘हॅज’नंतर पुन्हा ‘रन’. ‘हॅज रॅन’ ही चूक मी आठवड्यातून दोनदा तरी खोडते. ‘रनिंग’ लिहिताना ‘आयएनजी’च्या आधी एन दोनदा येतो.

टप्पा १: आधी वाक्यं जमवा, अर्थ लिहू नका

पाच दिवस फक्त जमवायचं. जिथं ‘रन’ दिसेल किंवा ऐकू येईल तिथून पूर्ण वाक्य उचला आणि एका चिठ्ठीवर एकच वाक्य लिहा. नागपूर स्टेशनवर दहा मिनिटं उभं राहिलात तर ‘इज रनिंग लेट बाय’ कानावर पडेलच. ‘हितवाद’ या इंग्रजी दैनिकाचं एक पान नीट वाचा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये बघा, मागे कोणकोणती ॲप चालू आहेत ते सांगताना हाच शब्द वापरलेला असतो. वायरमन, सुतार, ठेकेदार बोलतात तेही ऐका. ‘रनिंग फूट’ आणि ‘रनिंग बिल’ ते रोज म्हणतात.

वाक्य उचलताना कर्ता सुटू देऊ नका. ‘रन अ रिस्क’ एवढंच लिहून आणलं तर ती चिठ्ठी बाद. कोण धोका पत्करतंय, तो माणूस चिठ्ठीवर हवा.

सावध: क्रिकेटचा सामना चालू असेल त्या दिवशी वाक्यं जमवू नका. जामठ्याला सामना असला की आमच्या वर्गात तीसपैकी पंचवीस चिठ्ठ्या धावांच्याच येतात. क्रिकेटच्या चिठ्ठ्या दोन पुरेत, एक धावेची आणि एक धावबादची.

तपासा: निदान तीस चिठ्ठ्या झाल्या का? एकाही चिठ्ठीवर मराठी अर्थ लिहिलेला नाही ना? लिहिला असेल तर खोडून टाका. तो अर्थ कदाचित बरोबर असेल, पण पुढच्या टप्प्यात तुमचे डोळे वाक्याकडे न जाता त्या अर्थाकडेच जातील.

टप्पा २: कोण ‘रन’ करतंय ते पाहून गठ्ठे करा

जमिनीवर सतरंजी टाका आणि चिठ्ठ्या पसरा. आता फक्त कर्त्याकडे बघायचं, क्रियापदाकडे नाही.

पायांनी धावणाऱ्यांचा गठ्ठा सोपा आहे. सकाळी फुटाळा तलावावर धावणारे, बसमागे पळणारा, भांडण पाहून पळ काढणारा. पाच मिनिटांत तो बाजूला ठेवा. खरं काम पुढे आहे.

यंत्रांचा गठ्ठा: ‘द कुलर रन्स ऑल नाइट.’ ‘द जनरेटर रन्स ऑन डिझेल.’ मराठीत यंत्र चालतं, इंग्रजीत ते ‘रन’ करतं. यंत्र कशावर चालतं ते सांगायला दोन्ही भाषांत ‘वर’ आणि ‘ऑन’ आहेतच.

गाड्यांचा गठ्ठा आणि रस्त्यांचा गठ्ठा वेगवेगळे करा. इथं बरेच जण घसरतात. ‘द विदर्भ एक्स्प्रेस रन्स बिटवीन मुंबई अँड गोंदिया’ या वाक्यात गाडी खरोखर धावते. ‘द ऑरेंज लाइन रन्स फ्रॉम ऑटोमोटिव्ह चौक टु खापरी’ या वाक्यात मात्र काहीच हलत नाही. मेट्रोचा मार्ग जागच्या जागी आहे, आपली नजर त्यावरून सरकते. समृद्धी महामार्ग नागपूरपासून मुंबईच्या दिशेनं ७०१ किलोमीटर जातो, तिथंही ‘रन्स’. मराठीत रस्ता ‘जातो’, भिंत ‘जाते’, नाला ‘जातो’. म्हणून न हलणारा, लांबच लांब पसरलेला कर्ता दिसला की मनात ‘जातो’ म्हणून बघा. बसलं तर चिठ्ठी या गठ्ठ्यात टाका.

पातळ वस्तूंचा गठ्ठा: नाग नदी शहरातून वाहते, नळ चालू राहिला, नाक गळतंय. इतवारीतून आणलेली लाल ओढणी पांढऱ्या कुर्त्याबरोबर भिजवली आणि रंग सुटला, हेही इथंच: ‘द कलर रॅन.’ या एका गठ्ठ्यात मराठी चार क्रियापदं वापरते, वाहणे, गळणे, सुटणे, ओघळणे. इंग्रजी एकच वापरते. या चिठ्ठ्यांवर पेन्सिलीनं एक थेंब काढून ठेवा, चित्र लवकर आठवतं.

काळाचा गठ्ठा: भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, ‘द अग्रीमेंट रन्स फॉर इलेव्हन मंथ्स.’ सिनेमा पन्नास दिवस चालला, खटला दहा वर्षं चालला. वंशातून येणाऱ्या गोष्टीही याच गठ्ठ्यात ठेवा, ‘डायबिटीज रन्स इन अवर फॅमिली.’

गठ्ठे झाले की तुमच्या लक्षात येईल, बहुतेक ठिकाणी मराठीत ‘चालणे’ बसतंय. हा मोठा आधार आहे आणि मोठा सापळाही. मराठीतलं प्रत्येक ‘चालणे’ म्हणजे ‘रन’ नाही. खालची चार वाक्यं वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून त्यांवर लाल फुली मारून ठेवा:

‘टीव्ही चालू आहे’ याला ‘द टीव्ही इज ऑन.’

‘मला चालेल’ याला ‘दॅट्स फाइन विथ मी.’

‘ही फाटकी नोट चालत नाही’ याला ‘दे वोन्ट ॲक्सेप्ट धिस नोट.’

‘दुकान चांगलं चालतं’, म्हणजे गिऱ्हाईक भरपूर आहे, याला ‘द शॉप इज डुइंग वेल.’ ‘रन्स वेल’ म्हटलं तर अर्थ होतो दुकानाचा कारभार सुरळीत आहे. गिऱ्हाईक असेल किंवा नसेल, ते त्यातून कळत नाही.

तपासा: कोणतीही एक चिठ्ठी डोळे मिटून उचला. फक्त कर्ता वाचा आणि गठ्ठा सांगा. दहापैकी आठ वेळा जमलं की पुढे जा.

टप्पा ३: कोणत्या वस्तूला ‘रन’ करतंय?

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. मेसचं वाक्य इथंच बिघडलं होतं.

मराठीत क्रियापदाचं रूपच आपल्याला सांगतं. दुकान चालतं, बाबा दुकान चालवतात. पाणी वाहतं, मी पाणी सोडते. चालणे आणि चालवणे वेगळे दिसतात, कानाला वेगळे लागतात. इंग्रजीत ‘रन’ जसाच्या तसा राहतो. फरक कळतो तो फक्त त्याच्या लगेच मागे, म्हणजे त्याच्यानंतर, काय येतं त्यावरून. मागे थेट वस्तू आली तर ‘चालवणे’. मागे काही नसेल, किंवा ‘इन’, ‘टु’, ‘फ्रॉम’ असा शब्द आला तर ‘चालणे’, ‘धावणे’, ‘जाणे’.

म्हणून ‘रन अ मेस’ म्हणजे मेस चालवणे, आणि ‘रन इन अ मेस’ म्हणजे मेसमध्ये धावणे. एका ‘इन’नं पूर्ण अर्थ बदलला. त्या मुलीनं नंतर लिहिलेलं वाक्य मला फार आवडतं: ‘माय मदर रन्स अ मेस फॉर कॉलेज स्टुडंट्स अँड आय हेल्प हर रन इट.’ यात ‘रन’ दोनदा आहे आणि दोन्ही वेळा मागे थेट वस्तू आहे. तिनं त्या चिठ्ठीवर एकामागे एक दोन बाण काढले होते, ‘रन’कडून ‘मेस’कडे आणि ‘रन’कडून ‘इट’कडे. तुम्हीही काढा. ज्या चिठ्ठीवर बाण काढता येतो ती उजवीकडे ठेवा, ज्यावर येत नाही ती डावीकडे.

उजवीकडच्या चिठ्ठ्यांत बाणाच्या टोकाला कोण आहे ते बघत जा, मराठी क्रियापद तिथंच मिळतं. टोकाला संस्था, दुकान, वर्ग, घर असेल तर चालवणे. चाचणी, तपासणी, प्रोग्रॅम असेल तर करणे किंवा चालवून बघणे. वायर किंवा पाइप असेल तर ओढणे, टाकणे. हात, बोटं, नजर असेल तर फिरवणे: आजीनं नातवाच्या केसांतून हात फिरवला, तिथं ‘रॅन हर हँड थ्रू हिज हेअर.’ बातमी असेल तर छापणे. धोका असेल तर पत्करणे. ‘एरंड्स’ असतील तर बाजारातली, बँकेतली किरकोळ कामं उरकून येणे.

दोन जागा लक्ष देऊन पाहा. पहिली तापाची. मराठीत ताप येतो, म्हणजे ताप हा कर्ता. इंग्रजीत ‘द बॉय इज रनिंग अ फीव्हर’, मुलगा कर्ता आणि ताप बाणाच्या टोकाला. वाक्य उलटंच करावं लागतं. शब्दाला शब्द ठेवून हे कधीच जमत नाही.

दुसरी जागा गाडीची.

सावध: ‘गाडी चालवणे’ म्हणजे ‘रन अ कार’ नाही. ‘रन अ कार’चा अर्थ गाडी बाळगणे, तिचं पेट्रोल, विमा, दुरुस्ती सोसणे. चारचाकी चालवायला ‘ड्राइव्ह’ आणि दुचाकी चालवायला ‘राइड’. मुलाखतीत ‘कॅन यू ड्राइव्ह?’ विचारल्यावर ‘येस, आय रन माय फादर्स कार’ असं उत्तर दिलं तर समोरच्याला वाटेल, वडिलांच्या गाडीचा खर्च हा करतो.

तपासा: उजवीकडच्या प्रत्येक चिठ्ठीवर बाण आहे का? डावीकडच्या एखाद्या चिठ्ठीत चुकून ‘चालवणे’ तर शिरलं नाही ना?

टप्पा ४: मागचं शेपूट

आता त्या चिठ्ठ्या, ज्यांत ‘रन’च्या मागे ‘आउट’, ‘इंटू’, ‘ओव्हर’, ‘थ्रू’, ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑफ’ असं काही लागलंय. लोक इथूनच सुरुवात करतात, कारण पुस्तकांत याच्या याद्या तयार मिळतात. कर्ता आणि वस्तू पाहायची सवय झाल्याशिवाय इथं येऊ नका. शेपूट एकच असतं आणि कर्ता बदलला की अर्थ बदलतो.

‘रन आउट’ पहिल्यांदा घ्या. मे महिन्याची रात्र, बाहेर अजून झळा, कुलरचा आवाज एकदम कोरडा होतो, हवा गरम यायला लागते. टाकीतलं पाणी संपलेलं असतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी हेच इंग्रजीत सांगायला लावते आणि निम्म्या जणांचं उत्तर येतं, ‘वॉटर वॉज रन आउट.’ हे ‘वॉज’ क्रिकेटमधून आलेलं आहे. ‘ही वॉज रन आउट’ आपण लहानपणापासून ऐकतो आणि ते बरोबरच आहे, कारण फलंदाजाला दुसरं कोणीतरी बाद करतं. पाण्याला कोणी संपवत नाही, ते आपोआप संपतं. म्हणून ‘द वॉटर रॅन आउट’ किंवा ‘द वॉटर हॅज रन आउट.’ ‘इज’ आणि ‘वॉज’ला तिथं जागा नाही.

माणूस कर्ता झाला तर आणखी एक शब्द लागतो: ‘वी रॅन आउट ऑफ वॉटर.’ हा ‘ऑफ’ गाळला की वाक्य पडतं. संपलं नसेल पण संपत आलं असेल तर ‘वी आर रनिंग आउट ऑफ वॉटर.’ इथं ‘आर’ चालतो, कारण मागे ‘रनिंग’ आहे. ही चार वाक्यं एका चिठ्ठीवर एकाखाली एक लिहा आणि ती चिठ्ठी कुलरवरच चिकटवा.

त्याच कुलरवर आणखी एक वाक्य बसतं, वर्गात ते सगळ्यांच्या लक्षात राहतं: ‘द कुलर रॅन ऑल नाइट, द टँक रॅन लो, अँड बाय फाइव्ह द पंप वॉज रनिंग ड्राय.’ कुलर रात्रभर चालला, टाकीतलं पाणी कमी झालं आणि पाचपर्यंत पंप कोरडा फिरायला लागला. ‘लो’, ‘ड्राय’, ‘शॉर्ट’, ‘लेट’ ही छोटी विशेषणंही शेपटासारखीच लागतात. पैसे कमी पडायला लागले तर ‘मनी इज रनिंग शॉर्ट’, मला उशीर होतोय तर ‘आय ॲम रनिंग लेट.’

‘रन इंटू’ला दोन्ही टोकं बघा. माणूस माणसाला ‘रन इंटू’ करतो तेव्हा अचानक भेट होते: ‘आय रॅन इंटू माय स्कूल टीचर इन सीताबर्डी.’ गाडी खांबाला करते तेव्हा धडक. माणूस अडचणीला करतो तेव्हा अडचण समोर येते. खर्च लाखांना करतो तेव्हा तो लाखांच्या घरात जातो.

सावध: ‘रन इंटू’ आणि ‘रन ओव्हर’ यांची अदलाबदल कधीही होऊ देऊ नका. ‘ओव्हर’ म्हणजे गाडीखाली घेणे. ‘आय रॅन ओव्हर माय टीचर’ हे वाक्य कोणी पोलिसांसमोर बोललं तर त्याची नोंद अपघाताची होईल. ज्याला गाडीनं चिरडलं त्याच्या बाजूनं सांगताना ‘वॉज रन ओव्हर’, इथं ‘वॉज’ हवाच.

बाकीची शेपटं लवकर होतात. ‘रन थ्रू’ म्हणजे भरभर उजळणी करणे, भाषणाची किंवा हिशेबाची. ‘रन इट बाय युअर फादर’ म्हणजे वडिलांच्या कानावर घालून त्यांचं मत घे. ‘रन अप’ म्हणजे उधारी किंवा बिल चढवणे. ‘रन डाउन’ बॅटरीला लागलं तर उतरणे, माणसाला लागलं तर त्याची निंदा करणे. ‘रन ऑफ’ म्हणजे निघून पळणे, आणि या ‘ऑफ’ला एफ दोन आहेत. ‘रन आउट ऑफ’मधल्याला एकच. लिहिताना हे तपासा, आपल्या उच्चारांत फरक ऐकू येत नाही.

टप्पा ५: नाम आणि जोडशब्द

इथं फार थांबू नका. एका चिठ्ठीवर नामं, एका चिठ्ठीवर जोडशब्द.

‘ट्रायल रन’ म्हणजे चाचणीफेरी. ‘इन द लाँग रन’ म्हणजे पुढचा विचार करता, शेवटी. ‘ऑन द रन’ म्हणजे फरार. ‘अ रन ऑन द बँक’ म्हणजे ठेवीदारांची पैसे काढायला झुंबड. ‘रन-अप’ गोलंदाजाचा असतो तसाच निवडणुकीचाही असतो, मतदानाआधीचे दिवस. ‘रनर-अप’ म्हणजे उपविजेता, आणि दोघं असतील तर ‘रनर्स-अप’, एस मधोमध येतो. ‘थ्री डेज रनिंग’ म्हणजे सलग तीन दिवस. सुतार जे ‘रनिंग फूट’ म्हणतो त्यात सलग लांबी मोजलेली असते, रुंदी धरलेली नसते. दोन्हींत अर्थ सलगपणाचाच आहे, म्हणून त्या चिठ्ठ्या एकाच रबरबँडमध्ये ठेवा.

निवडणुकीचं एक सांगून टाकते, कारण विचारलं जातं. निवडणुकीला उभं राहणं अमेरिकेत ‘रन फॉर’, ब्रिटनमध्ये ‘स्टँड फॉर’, आणि आपल्याकडची वर्तमानपत्रं बहुधा ‘कॉन्टेस्ट’ लिहितात. मराठीतलं ‘उभं राहणं’ ‘स्टँड’शी तंतोतंत जुळतं. तिन्ही बरोबर आहेत, पण एका उत्तरपत्रिकेत एकच वापरा.

टप्पा ६: आता मराठीतून उलटं

दुसरा आठवडा सुरू झाला. आता इंग्रजी-मराठी कोश उघडायला हरकत नाही. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे वाक्याचं मराठी लिहा, एका शब्दाचं नाही, अख्ख्या वाक्याचं. तुमच्या घरात जसं बोलतात तसंच मराठी लिहा. पुस्तकी लिहू नका.

यात नागपूरकरांचा एक फायदा आहे. आपण ‘कुलर चालून राहिला’, ‘पाणी वाहून राहिलं’ म्हणतो. शाळेत ते खोडलं जातं. पण इंग्रजी शिकताना हेच रूप फार कामाचं आहे. जिथं आपल्या तोंडून ‘चालून राहिला’ निघतं, म्हणजे आत्ता या क्षणी चालू आहे, तिथं इंग्रजीत ‘इज रनिंग’. जिथं नुसतं ‘चालतो’ निघतं, म्हणजे नेहमीचं आहे, तिथं ‘रन्स’. कुलर चालून राहिला: ‘द कुलर इज रनिंग.’ आमच्याकडे कुलर जूनपर्यंत चालतो: ‘अवर कुलर रन्स टिल जून.’ मधुमेह घराण्यात ‘चालून राहिला’ असं आपण म्हणत नाही, म्हणून ‘इज रनिंग इन द फॅमिली’ही नाही. एकदा आपल्या बोलीत वाक्य म्हणून बघा, काळ आपोआप ठरतो.

मग चिठ्ठ्या मराठी बाजू वर करून पिसा, एक एक उचला, इंग्रजी वाक्य मोठ्यानं म्हणा आणि उलटून बघा. जमलं ती डावीकडे, अडलं ती उजवीकडे. उजवीकडचा गठ्ठा उद्या आधी घ्यायचा.

सावध: मनात म्हणू नका. मनात म्हटलेलं वाक्य नेहमी बरोबरच वाटतं. ‘ऑफ’ गळतो तो तोंडानं म्हणतानाच पकडला जातो.

शेवटची तपासणी

खालची आठ वाक्यं कागदावर इंग्रजीत लिहा. दोन ठिकाणी ‘रन’ वापरायचा नाही. ती दोन तुम्हीच ओळखा. लिहून झाल्याशिवाय खालची उत्तरं बघू नका.

१. कुलरमधलं पाणी संपत आलं.
२. माझे वडील महाल भागात किराणा दुकान चालवतात.
३. ती रोज स्कूटर चालवत ऑफिसला जाते.
४. आमच्या घराण्यात सगळ्यांची नजर कमजोर आहे.
५. काल बर्डीवर जुनी मैत्रीण अचानक भेटली.
६. मी उद्या सकाळी आले तर चालेल का?
७. त्यांनी मीटरपासून स्वयंपाकघरापर्यंत वायर ओढली.
८. सलग तीन दिवस लाइट गेली.

उत्तरं: १. ‘द कुलर इज रनिंग आउट ऑफ वॉटर.’ पाण्याला कर्ता केलं तर ‘द वॉटर इज रनिंग लो.’ २. ‘माय फादर रन्स अ ग्रोसरी शॉप इन महाल.’ ३. ‘शी राइड्स अ स्कूटर टु वर्क एव्हरी डे.’ ४. ‘पुअर आयसाइट रन्स इन अवर फॅमिली.’ ५. ‘आय रॅन इंटू ॲन ओल्ड फ्रेंड इन सीताबर्डी यस्टरडे.’ ६. ‘विल इट बी ऑल राइट इफ आय कम टुमॉरो मॉर्निंग?’ ७. ‘दे रॅन अ वायर फ्रॉम द मीटर टु द किचन.’ ८. ‘द पॉवर वेंट थ्री डेज रनिंग.’

दुसरं किंवा सातवं चुकलं असेल तर टप्पा ३ वर परत जा आणि बाण पुन्हा काढा. पहिलं किंवा पाचवं चुकलं तर टप्पा ४. चौथं चुकलं असेल तर ते काळाच्या गठ्ठ्यात सापडेल, आठवं जोडशब्दांच्या चिठ्ठीवर. तिसऱ्यात किंवा सहाव्यात ‘रन’ शिरला असेल तर लाल फुलीच्या चिठ्ठ्या पुरेशा झालेल्या नाहीत. घरात दिवसभरात कोण कोण ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ म्हणतं ते एक दिवस ऐका, प्रत्येक वाक्य लिहून घ्या, आणि ज्यात ‘रन’ बसत नाही ते फुलीच्या गठ्ठ्यात वाढवत जा. आमच्या वर्गातल्या एका मुलाचा हा गठ्ठा आता ‘रन’च्या गठ्ठ्यापेक्षा जाड झाला आहे आणि तोच सगळ्यांत कमी चुकतो.